राखेला सीमाबंदी

16 सप्टेंबर 2013 रोजी मलेशिया संघराज्याला 50 वर्षं पूर्ण झाली. त्याच दिवशी सकाळी बँकॉकच्या एका रुग्णालयात चिन पेंग वारला. वय 88. मलायाच्या, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पाच्या, कम्युनिस्ट पक्षाचा हा सरचिटणीस. त्याच्या पक्षानं शस्त्रं खाली ठेवून 24 वर्षं होत आली होती, आणि ज्या चीनच्या भरवशावर त्यानं अर्धं आयुष्य लढाई रेटली, तिथे कारखानदारांनाही पक्षाचं सदस्यत्व मिळू लागलं होतं. तरीही मलेशिया सरकारनं जाहीर केलं, की या माणसाच्या अस्थी देशात येऊ दिल्या जाणार नाहीत. पोलीसप्रमुखांनी सरहद्दीवरच्या नाक्यांना तशा सूचना धाडल्या. बंदूक, पत्रकं, पैसा यांची झडती घेणारे जवान आता राखेची झडती घेणार होते.

मलेशियाचा हा निर्णय चूक होता असं मला वाटतं. मात्र चिन पेंगच्या बाजूनं बोलणारे जी कारणं देतात, त्यातली निम्मी मला पटत नाहीत. तो थोर स्वातंत्र्यसैनिक होता म्हणून त्याला मानानं परत आणायला हवं होतं, असं काही जण म्हणतात. इतक्या सरळ शब्दांत ते मान्य करणं जड जातं. तो म्हातारा झाला होता, आईवडिलांच्या थडग्यांवर एकदा डोकं टेकवण्याची त्याची इच्छा होती, हे खरं आहे. पण दया आली म्हणून एखाद्या सरकारनं धोरण बदलावं, हा युक्तिवाद कच्चा आहे. दया आज येते, उद्या आटते. माझं म्हणणं त्याहून रुक्ष आहे. 1989 साली मलेशिया सरकारनं या माणसाबरोबर लेखी करार केला होता. त्यानं आपली बाजू पाळली, सरकारनं पाळली नाही. उरलेली सगळी चर्चा यानंतरची.

पण आधी हा माणूस कोण होता, ते पाहू. आपल्याकडे व्हिएतनामचा हो ची मिन्ह सगळ्यांना माहीत आहे. कंबोडियाचा पोल पॉट त्याच्या नरसंहारामुळे माहीत आहे. मलायात झालेली लढाई मात्र आपल्या वाचनातून निसटलेली आहे. खरं तर त्या लढाईत शिकलेले धडे ब्रिटिशांनी आणि त्यांच्यानंतर इतरांनी अर्ध्या जगात वापरले, आपल्या ईशान्येतही.

चिन पेंग हे त्याचं पक्षातलं टोपणनाव. मूळ नाव ओंग बून हुआ. पेराक राज्यातल्या सितियावान गावात 1924 साली जन्म, वडील चीनच्या फुजियान प्रांतातून आलेले, सायकलींच्या दुकानावर घर चालवणारे. मलाया म्हणजे त्या वेळी रबराचे मळे आणि कथिलाच्या खाणी. मळ्यांत राबायला तमिळ मजूर, खाणींत चिनी, भातशेतीत मलय आणि सगळ्यांच्या वर इंग्रज साहेब. 1937 साली जपाननं चीनवर चढाई केली, तेव्हा मलायातली चिनी पोरं जपानी मालावर बहिष्कार घालू लागली, वर्गण्या गोळा करू लागली. त्याच लाटेत हा पंधरा वर्षांचा मुलगा पक्षात ओढला गेला. मार्क्स त्याच्या हाती नंतर लागला. सुरुवात जपानच्या रागानं झाली.

डिसेंबर 1941 मध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या आणि 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. इंग्रजांच्या अजिंक्यपणाचा फुगा सत्तर दिवसांत फुटला. जंगलात शिरून लढायला तयार असलेली एकच संघटित ताकद उरली, ती कम्युनिस्टांची. इंग्रजांनी मग त्यांच्याशीच हातमिळवणी केली. पाणबुडीतून किनाऱ्यावर उतरणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना जंगलातल्या तळापर्यंत पोचवण्याचं, त्यांचा पक्षाशी दुवा राखण्याचं काम अठरा-एकोणीस वर्षांच्या चिन पेंगकडे आलं. युद्ध संपल्यावर, जानेवारी 1946 मध्ये, सिंगापुरात खुद्द माउंटबॅटनच्या हस्ते त्याला पदकं मिळाली. ब्रिटिश साम्राज्याचा ओबीई हा किताबही जाहीर झाला. दोन-अडीच वर्षांत तो काढून घेण्यात आला आणि पुढे त्याच माणसाच्या डोक्यावर अडीच लाख मलायन डॉलरचं बक्षीस लागलं. साम्राज्यांची कृतज्ञता साधारण इतकीच टिकते.

त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चमत्कारिक अध्याय मात्र वेगळाच आहे, आणि पुढचं बरंचसं त्यावरून उलगडतं. पक्षाचा सरचिटणीस लाई तेक हा व्हिएतनामहून आलेला माणूस. कार्यकर्ते त्याला जवळजवळ देव मानत. हा देव आधी फ्रेंचांचा, मग इंग्रजांचा, मग जपान्यांचा हेर निघाला. 1 सप्टेंबर 1942 रोजी क्वालालंपूरजवळ बातू केव्ह्ज इथे पक्षाच्या पुढाऱ्यांची बैठक होती. जपान्यांनी तिथे पहाटे घाला घातला आणि नेतृत्वाची एक फळीच कापून काढली. बैठकीला लाई तेक तेवढा पोचला नव्हता. 1945 साली जपान शरण आला आणि इंग्रज परत यायचे होते, तेव्हा काही आठवडे बंदुका कम्युनिस्टांच्याच हातात होत्या. तरीही लाई तेकनं पक्षाला शांततेच्या मार्गावर ठेवलं, इंग्रजांच्या स्वागताला उभं केलं. 1947 साली संशय पक्का झाला, तेव्हा तो पक्षाची तिजोरी घेऊन पळाला आणि पुढे बँकॉकमध्ये मारला गेला. त्याच्या जागी बसला 22 वर्षांचा चिन पेंग. आपण आठेक वर्षं एका हेराच्या हुकमावर चाललो, हे कळलेला पक्ष पुढे मवाळपणाकडे कोणत्या नजरेनं पाहील? तडजोड म्हणजे फितुरी, हे समीकरण तिथे रुजलं असेल तर नवल नाही.

त्या काही आठवड्यांची दुसरी बाजूही आहे, आणि चिन पेंगचे चाहते ती हमखास गाळतात. जपान्यांना मदत केल्याच्या आरोपावरून गनिमांनी गावोगावी झटपट न्यायनिवाडे केले, माणसं मारली. गनीम बहुतेक चिनी, मारले गेलेले पोलीस आणि गावपुढारी अनेक ठिकाणी मलय. जोहोरमध्ये यातून थेट मलय-चिनी दंगली पेटल्या. मलय माणसाच्या मनात कम्युनिस्ट म्हणजे चिनी आणि चिनी म्हणजे आपल्या जिवावर उठलेला, ही भीती बसली ती तेव्हा. सरकारी प्रचारानं ती नंतर खूप फुगवली, पण हवेतून निर्माण केली नाही.

1948 च्या जूनमध्ये पेराकमधल्या सुंगाई सिपुत इथे तीन युरोपीय मळेवाल्यांना गोळ्या घातल्या गेल्या. दोनच दिवसांत देशभर आणीबाणी लागली. तिला युद्ध म्हणायचं नाही, असं ठरलं होतं. विमा कंपन्या युद्धातलं नुकसान भरून देत नाहीत, म्हणून हा शब्दांचा खेळ झाला, असं सांगितलं जातं. रबर आणि कथिल विकून मिळणारे डॉलर कर्जात बुडालेल्या ब्रिटनला श्वासाइतके गरजेचे होते, एवढं मात्र निश्चित. कामगार संघटनांच्या महासंघावर बंदी आली. त्या महासंघाचा अध्यक्ष राहिलेला तमिळ पुढारी गणपती याला पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून मे 1949 मध्ये क्वालालंपूरच्या पुडू तुरुंगात फाशी दिलं गेलं. नेहरू सरकारनं त्याच्यासाठी रदबदली केली होती. ती इंग्रजांनी मानली नाही.

या बंडाचा आदेश कोलकात्याहून सुटला, असं पाश्चात्त्य अभ्यासक बरीच वर्षं म्हणत आले. फेब्रुवारी 1948 मध्ये कोलकात्यात आग्नेय आशियातल्या युवकांची परिषद भरली आणि तिच्या पाठोपाठ भारतीय कम्युनिस्ट पक्षाचं दुसरं अधिवेशन झालं. त्यात पी. सी. जोशींना बाजूला सारून दादरचे बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि पक्षानं सशस्त्र उठावाची वाट धरली. वारं एकच होतं, यात शंका नाही. पण मलायाचं बंड कोलकात्याहून चिठ्ठी आली म्हणून झालं, हे चिन पेंगनं पुढे ठाम नाकारलं, आणि मला त्याचं पटतं. मळ्यांतल्या संपांवर चाललेली दडपशाही पुरेशी होती. शिवाय पक्षाची तयारीच नव्हती. लढाई सुरू झाली तेव्हा पुढारीच पळापळ करत होते. ज्यांना वरून तारीख ठरवून मिळते, त्यांची अशी त्रेधा उडत नाही.

तुलना करायची तर पुढच्या दोन वर्षांची करावी. रणदिव्यांना 1950 मध्ये पदावरून जावं लागलं, 1951 मध्ये तेलंगणातला लढा मागे घेतला गेला आणि भारतीय कम्युनिस्ट पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उतरले. 1957 मध्ये केरळात त्यांचं सरकार आलं. रणदिवे स्वतः पुढे कितीतरी दशकं उघडपणे राजकारण करत राहिले. चिन पेंगला ही वाटच मिळाली नाही. काही अंशी ती इंग्रजांनी बुजवली, काही अंशी त्याच्या पक्षानं.

लढाई 12 वर्षं चालली. सुमारे 6,700 बंडखोर, 1,800 हून अधिक पोलीस आणि सैनिक आणि सुमारे 2,500 नागरिक मेले. डिसेंबर 1948 मध्ये बातांग काली इथे ब्रिटिश स्कॉट्स गार्ड्सच्या तुकडीनं 24 निःशस्त्र गावकऱ्यांना मारलं. त्याची जाहीर चौकशी करायला ब्रिटननं शेवटपर्यंत नकार दिला. 2015 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही नातेवाइकांची मागणी फेटाळली. पलीकडच्या बाजूला गनिमांनी बसगाड्या जाळल्या, लोकांची ओळखपत्रं फाडली, रबराच्या झाडांच्या साली सोलून मजुरांचीच रोजी मारली, खबरे ठरवून गावातली माणसं संपवली. मेलेल्या नागरिकांत सर्वांत जास्त चिनीच होते. पक्षालाही हे अंगाशी येतंय असं दिसलं. ऑक्टोबर 1951 च्या ठरावात त्यानं असे प्रकार थांबवायला सांगितलं. कबुलीच होती ती, पण उशिरा आलेली. त्याच महिन्यात ब्रिटिश हाय कमिशनर हेन्री गर्नी गनिमांच्या दबा धरून केलेल्या हल्ल्यात मारला गेला.

मग गर्नीच्या जागी आला जेराल्ड टेम्पलर. लोकांची मनं जिंकायची, हे त्याच्या नावावर खपवलेलं धोरण आजही लष्करी शाळांत शिकवतात. मनं जिंकण्याच्या त्या धोरणाआधी काय झालं, हे मात्र हळूच सांगतात. जंगलाच्या कडेनं राहणाऱ्या सुमारे पाच लाख लोकांना, बहुतेक चिनी, उचलून काटेरी तारांच्या आतल्या 'नव्या गावांत' वसवलं. तांदूळ मोजून. काही ठिकाणी कच्चा तांदूळ घरात ठेवायलाही बंदी, म्हणजे जंगलात पोचायला नको. तंजोंग मालिम गावानं माहिती दिली नाही म्हणून टेम्पलरनं तिथे दिवसातले 22 तास संचारबंदी लावली. गनीम हरले ते प्रामुख्यानं उपाशी राहून. हा नमुना पुढे अमेरिकेनं व्हिएतनाममध्ये वापरून पाहिला आणि 1967 पासून भारतानं मिझोराममध्ये. मिझो खेडी जाळून माणसांना रस्त्याकाठच्या वसाहतींत कोंबणारे आपले अधिकारी मलायाच्याच वहीतून उत्तरं उतरवत होते.

28 आणि 29 डिसेंबर 1955. केदाह राज्यातल्या बालिंग गावची शाळा. एका बाजूला निवडणूक जिंकलेले मुख्यमंत्री तुंकू अब्दुल रहमान, सिंगापूरचे डेव्हिड मार्शल आणि चिनी समाजाचे पुढारी तान चेंग लॉक. दुसऱ्या बाजूला जंगलातून आलेला चिन पेंग, चेन तियेन आणि मलय सहकारी रशीद मैदिन. जंगलाच्या तोंडाशी त्याला घ्यायला आला होता जॉन डेव्हिस, युद्धकाळात पाणबुडीतून उतरलेला त्याचा जुना इंग्रज साथी. चिन पेंगची मागणी एक: पक्षाला कायदेशीर मान्यता द्या, शरण आलो असं आमच्या तोंडून वदवू नका. तुंकू म्हणाले, शरणागतीच हवी. बोलणी फिसकटली. पण जाता जाता चिन पेंगनं एक शब्द दिला: अंतर्गत सुरक्षा आणि संरक्षण ही खाती इंग्रजांकडून तुमच्या हाती आली, तर आम्ही लढाई थांबवू. तुंकू हे वाक्य खिशात घालून पुढच्याच महिन्यात लंडनला गेले आणि स्वातंत्र्याची तारीख घेऊन आले. बालिंगनं स्वातंत्र्याची वाट मोकळी केली, हे नंतर तुंकूंनीही मान्य केलं. 31 ऑगस्ट 1957 ला मलाया स्वतंत्र झाला. कुणी आणलं हे स्वातंत्र्य? सरकारी पाठ्यपुस्तकाचं उत्तर ठरलेलं आहे: वाटाघाटी करणाऱ्या सुज्ञ पुढाऱ्यांनी. जंगलात बंदुका नसत्या तर लंडननं इतक्या घाईनं सही केली असती का, हा प्रश्न त्या पुस्तकात बसत नाही.

इथे चिन पेंगनं थांबायला हवं होतं. इंग्रज निघून गेल्यावर त्याची लढाई कुणाविरुद्ध होती? निवडून आलेल्या स्वदेशी सरकारविरुद्ध. 1960 मध्ये आणीबाणी उठली, तो बीजिंगला गेला, आणि हत्यार टाकण्याचा विचार पक्षात चालला असताना चिनी नेता देंग श्यावफिंगनं त्याला लढत राहायला सांगितलं. त्यानं ऐकलं. 1968 पासून दुसरं बंड सुरू झालं. पुढारी बीजिंगमध्ये, पोरं थायलंडच्या सरहद्दीवरच्या जंगलात. हुनान प्रांतातून पक्षाचं आकाशवाणी केंद्र चालायचं. 1974 मध्ये क्वालालंपुरात भर दिवसा पोलीस महानिरीक्षकाला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच सुमारास जंगलातल्या तळांवर हेरांचा शोध घेण्याच्या नावाखाली स्वतःच्याच कार्यकर्त्यांना मृत्युदंड दिले गेले आणि पक्षाची तीन शकलं झाली. लाई तेकचं भूत मेल्यावरही माणसं खात होतं. शेवटी तोच देंग चिन पेंगला म्हणाला की आता ते रेडिओ केंद्र बंद करा, कारण चीनला आग्नेय आशियातल्या सरकारांशी मैत्री हवी होती. 1981 मध्ये केंद्र बंद झालं. वीस वर्षांपूर्वी लढा म्हणणाऱ्यानंच घंटा वाजवली. या वीस वर्षांत मेलेल्यांचा हिशेब चिन पेंगच्या नावावर आहे. तो माझ्यालेखी माफ होत नाही.

तरीही 2 डिसेंबर 1989 चा कागद कागद आहे. दक्षिण थायलंडमधल्या हात याई शहरातल्या एका हॉटेलात मलेशिया, थायलंड आणि मलायाचा कम्युनिस्ट पक्ष यांच्यात करार झाला. पक्षानं सशस्त्र दलं विसर्जित करायची, हत्यारं नष्ट करायची. मलेशियानं मूळच्या मलेशियन सदस्यांना परत येऊन राहू द्यायचं. शरणागतीचा उल्लेख त्यात नव्हता. बालिंगमध्ये जे नाकारलं गेलं, ते 34 वर्षांनी मान्य झालं होतं. हत्यारं गेली, सुरुंग काढले गेले. एकही तुकडी मागे राहिली नाही, गोळीबार पुन्हा झाला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बंडांच्या इतिहासात इतका स्वच्छ शेवट क्वचित सापडेल.

चिन पेंगनं परतीचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. पुन्हा केला, पुन्हा तेच. प्रकरण न्यायालयात गेलं, तेव्हा सरकार म्हणालं: तू इथलाच हे सिद्ध कर, जन्मदाखला दाखव. तो म्हणाला, 1948 च्या छाप्यात पोलिसांनीच तो नेला. न्यायालयांनी सरकारचं म्हणणं उचलून धरलं, 2009 मध्ये सर्वोच्च पातळीवरही तेच झालं. ज्याच्या जिवंत पकडीसाठी या देशाच्या प्रशासनानं अडीच लाख डॉलर देऊ केले, ज्याच्याशी या देशाचा पहिला पंतप्रधान दोन दिवस टेबलावर बसला, ज्याची सही या देशाच्या पोलीस अधिकाऱ्यांनी करारावर घेतली, त्याची ओळख पटत नाही म्हणे! कायद्याची भाषा पुढे करून राजकीय निर्णय दडवण्याचा इतका ढळढळीत नमुना विरळा.

सरकारच्या बाजूनं सांगितलं जाणारं खरं वजनदार कारण दाखल्याचं नाहीच. ते मेलेल्यांचं आहे. 23 फेब्रुवारी 1950 च्या पहाटे जोहोरमधल्या बुकित केपोंगच्या पोलीस ठाण्यावर गनिमांनी हल्ला केला. मूठभर मलय पोलीस शेवटपर्यंत लढले; त्यांच्यातले बहुतेक मेले, काहींची बायकामुलंही जळाली. मलेशियातल्या शाळकरी मुलांना ही कहाणी तोंडपाठ असते. त्या घरांतली माणसं अजून आहेत. माजी सैनिकांच्या संघटना म्हणतात, आमच्या मारेकऱ्याला मातीत जागा देऊ नका. हे दुःख खोटं आहे, असं म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही.

पण सरकारनं हे दुःख निकष म्हणून खरंच वापरलं का? पक्षाचा अध्यक्ष मुसा अहमद चीनमधून परतला, दूरदर्शनवर येऊन बोलला. जंगलातली गाजलेली लढवय्यी शमसिया फकेह 1994 मध्ये परतली, मायदेशातच वारली. करारानंतर शेकडो साधे कार्यकर्ते, मलय आणि चिनी दोन्ही, घरी गेले. बुकित केपोंगच्या विधवांना त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. गंमत अशी, की बुकित केपोंगच्या हल्लेखोरांचा म्होरक्या मानला गेलेला मत इंद्रा स्वतः मलय होता. 2011 मध्ये एका विरोधी पुढाऱ्यानं त्याला स्वातंत्र्यवीर म्हटलं, तर थेट खटला भरला गेला. सरकारला अडचण होत होती ती रक्ताची नव्हे. कम्युनिस्ट म्हणजे चिनी, हे चित्र अर्धशतक मतपेटीत उपयोगी पडलं होतं. गनिमांची दहावी रेजिमेंट मलय होती, स्वातंत्र्यापूर्वीच मलय डाव्यांच्या संघटनांवर बंदी घातली गेली होती, या गोष्टी त्या चित्रात बसत नाहीत. सितियावानच्या दुकानदाराचा हा मुलगा परत येऊन गावच्या चहाच्या टपरीवर बसला असता, तर पत्रकार त्याला भेटले असते, तो बोलला असता, आणि त्या चित्राला तडे गेले असते. सरकारची भीती ही.

करार घडवून आणणाऱ्या बोलण्यांत मलेशियाच्या बाजूनं पुढाकार घेतलेले माजी पोलीस महानिरीक्षक रहीम नूर यांनीच चिन पेंगच्या मृत्यूनंतर जाहीरपणे सांगितलं, की करारानुसार त्याला परत येण्याचा हक्क होता आणि तो नाकारून आपण जगात हसं करून घेऊ. हा कुणी डावा विचारवंत नव्हे. कम्युनिस्टांच्या मागावर हयात घालवलेला विशेष शाखेचा माणूस.

आपल्याकडचं उदाहरण देताना छाती फुगवायचं कारण नाही. 1966 मध्ये ऐझॉलवर भारताच्याच विमानांनी बॉम्ब टाकले, हे विसरून चालणार नाही. पण 30 जून 1986 ला लालडेंगांशी करार झाला आणि दोनच महिन्यांत, वीस वर्षं बंड केलेला हा मिझो पुढारी मिझोरामचा मुख्यमंत्री झाला. नागांचे बंडखोर नेते फिझो यांचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. त्यांनी भारताशी कसलाच करार केला नाही, भारतीय नागरिकत्व कधी मानलं नाही, तीस वर्षं लंडनमध्ये राहिले. 1990 मध्ये तिथेच वारले. त्यांचं पार्थिव विमानानं नागालँडला आलं, कोहिमात हजारोंच्या उपस्थितीत दफन झालं. दिल्लीनं आडकाठी केली नाही. भारताचे तुकडे झाले नाहीत. ज्यानं सही केली नाही त्याला भारतात माती मिळाली आणि ज्यानं केली त्याला मलेशियानं नाकारली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की बरंच कळतं.

महाराष्ट्रानं या प्रकरणाकडे पाहावं, याला एक ताजं कारण आहे. 2005 पासून राज्यात नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना चालू आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती या नावानं ओळखला जाणारा मल्लोजुला वेणुगोपाल राव साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे आला. फोटो निघाले, भाषणं झाली. त्या दिवशी दिलेली आश्वासनं दहा वर्षांनी, दुसऱ्या सरकारच्या काळात, मारल्या गेलेल्या पोलिसांच्या घरच्यांनी प्रश्न विचारल्यावर कशी पाळली जातात, याकडे जंगलात उरलेल्यांचं लक्ष असेल. बंदुकीच्या बदल्यात दिलेला शब्द मोडायचा असेल तर तो मोडताना कुणाला दिसत नाही, असं समजू नये. दक्षिण थायलंडमध्ये आजही चिन पेंगच्या साथीदारांनी वसवलेली गावं आहेत. बेतोंगजवळ त्यांनी डोंगरात खोदलेलं भुयार आता पर्यटनस्थळ आहे, आणि तिकीट काढून ते पाहायला येणाऱ्यांत मलेशियनही पुष्कळ असतात.

राखेचं पुढे काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. 2019 च्या सप्टेंबरात ती गुपचूप मलेशियात आली. थोडी लुमुतच्या समुद्रात, थोडी तितिवांग्साच्या डोंगरात विखुरली गेली. दोन महिन्यांनी बातमी फुटली, पोलिसांनी आणणाऱ्यांच्या चौकश्या केल्या, विरोधकांनी आरडाओरडा केला. काहीही बिघडलं नाही.

माझी तक्रार राखेपेक्षा आधीच्या 24 वर्षांची आहे. चिन पेंगला बाहेर ठेवून सरकारनं त्याला शिक्षा केली असं मानतात. मला वाटतं त्याची सुटका केली. 1970 च्या दशकात जंगलात स्वतःच्या किती पोरांना मारलं, त्या हुकमावर सही कुणाची, 1957 नंतर कुणाच्या नावानं लढलात, मळ्यातल्या मजुरांची झाडं का सोललीत, हे प्रश्न त्याला मलेशियाच्या भूमीवर, बुकित केपोंगच्या आणि बातांग कालीच्या नातेवाइकांसमोर विचारता आले असते. एखादा आयोग नेमता आला असता. त्याऐवजी तो परदेशात बसून आपली बाजू सावकाश रचत राहिला. लंडनला जाऊन ब्रिटिश अभिलेखागारातल्या फायली त्यानं वाचल्या, 2003 मध्ये आत्मकथन छापलं. 1999 च्या फेब्रुवारीत कॅनबेराच्या विद्यापीठात इतिहासकारांनी त्याला समोर बसवून दोन दिवस प्रश्न विचारले. ते सभ्य, अभ्यासू, बहुतेक परदेशी होते. ज्यांचे बाप, भाऊ या लढाईत गेले त्यांच्यापैकी कुणाला क्वालालंपुरात असे दोन दिवस मिळाले नाहीत.